नौकांचा पावसाळा सांभाळणारे काका

माननीय संपादक,
स. न.

आमच्या सेलिंग क्लबचे एक ज्येष्ठ सभासद नुकतेच निवर्तले. आपल्या दैनिकाने त्याची दखल घेतली, त्याबद्दल आभार. मात्र बातमीतले ‘अनेक शर्यतींचे विजेते’ हे वर्णन बरोबर नाही. काका शर्यतीत बहुधा मधल्या घोळक्यात असत आणि त्याचे त्यांना काही वाटत नसे. क्लबात त्यांचा शब्द चालायचा तो जून ते सप्टेंबर या महिन्यांमुळे, म्हणजे मुंबईत सहसा कुणी शीड उभारत नाही तेव्हाच्या कामामुळे.

शिडाच्या नौका मुंबईला नव्या नाहीत. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा. 1982 च्या आशियाई खेळांतल्या नौकाशर्यती इथल्याच पाण्यात झाल्या आणि एंटरप्राइज या दोघांनी चालवायच्या नौकेच्या वर्गात फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. 19 ऑगस्ट 2009 रोजी नौदलाचे दिलीप दोंदे ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले तेही मुंबईहूनच. याच्या बातम्या होतात, व्हायलाच हव्यात. पण ऑक्टोबरात नौका टिकणार की नाही, हे पावसाळ्यात ती शेडमध्ये कशी ठेवली होती यावर ठरते. काकांचे सगळे आयुष्य त्यात गेले.

नौका वर ओढली की ते आधी तळाचे बूच काढत आणि हवेच्या टाक्यांची झाकणे उघडत. बंद टाकीत ओल कोंडते आणि आतले लाकूड वर्षभरात कुजते, बाहेरून रंग मात्र झकास दिसतो. ऑप्टिमिस्ट या मुलांच्या छोट्या नौकेत तरंगण्यासाठी हवेच्या तीन पिशव्या असतात. त्या ते अर्धवट फुगवून ठेवत. घट्ट फुगवल्या तर उकाड्यात शिवण ताणून सुटते, साफ रिकाम्या केल्या तर घडीवर चिरतात. हंगामाआधी संध्याकाळी फुगवायच्या आणि सकाळी दाबून पाहायच्या. मऊ लागली ती पिशवी बाद.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांबद्दल ते फार कडक होते. तार सहसा मधोमध तुटत नाही, ती जाते खालच्या टोकाला, जिथे धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते. खारे पाणी ओघळून तिथे साचते, हवा पोचत नाही आणि स्टेनलेस स्टीलसुद्धा आतून खाल्ले जाते. काका कापसाचा बोळा तारेवरून खालपर्यंत फिरवत. कापूस अडकला तिथे एक पदर तुटलेला. मग ती तार बदलायची आणि पलीकडच्या बाजूची जोडीदारही, कारण दोघींनी सारखेच खारे पाणी प्यालेले असते. खजिनदारांना हा खर्च कधीच पटला नाही.

शिडे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची, वाऱ्यावर फडफडवत नव्हे. मिठाचे कण राहिले तर ते पावसाळी हवेतली ओल ओढतात आणि बुरशी धरते. घडी न घालता गुंडाळायची आणि छताला टांगायची. शेडमधले उंदीर शिडाचे डेक्रॉन कापडही सोडत नाहीत!

लाकडी नौकांचा त्रास पाऊस संपल्यावर सुरू होतो. ऑक्टोबरच्या उन्हात फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि उत्साही सभासद त्या फटींत लांबी (पुट्टी) ठासतात. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते, लांबीला जागा उरत नाही, मग ती बाहेर पडते किंवा फळीच उचलली जाते. काकांचा उपाय गोणपाटाचा होता. चार-पाच दिवस आतून ओली गोणपाटे अंथरायची, फट आपोआप मिटू द्यायची आणि उरली तेवढीच भरायची. पहिली रात्र नौकेवर पंप आणि एक जागा माणूस हवाच.

मूरिंगच्या, म्हणजे नौका पाण्यात बांधून ठेवण्याच्या साखळीला ते स्टेनलेसचे शॅकल (जोडकडी) लावू देत नसत. जस्ताचा मुलामा असलेल्या साखळीशी ते जोडले की खाऱ्या पाण्यात साखळीच झिजते.

भरती-ओहोटीच्या हिशेबात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा ते मुलांना आधी शिकवत: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास संपते. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या आसपास. हा अंदाज झाला, छापील तक्ता खिशात हवाच, असेही ते बजावत. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. पाणी सहा तास एकसारखे उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे उतरते. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त उतरते, त्यातले निम्मे मधल्या दोन तासांत. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी दुपारी दोन ते चार हा ओढ सर्वांत जोराचा काळ, आणि तेव्हा वारा पडला तर हलकी नौका सरळ बंदराच्या तोंडाकडे निघते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, ओढ कमी आणि दुपारची भरती नौकेला आत आणते. म्हणून नवशिक्यांचे वर्ग ते अष्टमी धरून लावत. रविवारच्या सोयीने लावा, असा आग्रह पालक दरवर्षी करत आणि काका दरवर्षी पंचांग दाखवत.

बचाव बोटीचे इंजिन पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे गोड्या पाण्यावर चालवायचे, हाही त्यांचाच नियम. बंद ठेवले तर पाणी ओढणारे रबरी चक्र एकाच बाकात बसते आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी इंजिन तापते. मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार येते का, हे पाहिल्याशिवाय बोट धक्का सोडत नसे. इंजिनाऐवजी स्वतः झिजण्यासाठी बसवलेल्या जस्ताच्या तुकड्याला कुणी हौसेने रंग लावला तर तो ते खरवडून काढत. रंगाखालचे जस्त काम करत नाही आणि मग इंजिनच खाल्ले जाते.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी ते लाइफ जॅकेटांची तपासणी करत, ती याही वर्षी होईल. पन्नास न्यूटनच्या, म्हणजे पाण्यात सुमारे पाच किलो भार तोलणाऱ्या प्रत्येक जॅकेटला तराजूची सुमारे पावणेसहा किलोची लोखंडी वजने बांधून पिंपात सोडायचे, कारण पाण्यात लोखंड हलके होते. तरंगले तर ठीक, बुडाले तर आतला फोम पाणी पिऊ लागला आहे. बाद जॅकेटचे पट्टे काका तिथेच कात्रीने कापत. नुसते कोपऱ्यात टाकले तर गर्दीच्या दिवशी कुणीतरी ते उचलून एखाद्या मुलाच्या अंगात घालतोच.

— क्लबातील काही सहकारी, मुंबई