तीनशे दोन नंबरवालीचं पत्र

आन्जोंगरी, प्योंगतेक, दक्षिण कोरिया
८ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

दादा वाचून दाखवतोय ना? त्याला सांग, घाई करायची नाही आणि मधलं गाळायचं नाही. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही. जे ऐकू येतं त्यावर तू "बरं बरं" म्हणतेस आणि फोन आईकडं देतेस. म्हणून म्हटलं, बसून लिहूनच काढावं. इथं सणाची सुट्टी चाललीय, शुक्रवारपासून सगळा देश सात दिवस बंद. टपाल कचेरी आता परवाच उघडेल. कॅम्पात आमचं अमेरिकन टपाल आहे, पण त्यात टाकलेलं पत्र आधी अमेरिकेला जाणार आणि तिथून फिरून साताऱ्याला येणार. तुला हसू येईल. आजोबा कुठल्या डोंगरात आहेत ते माहीत नसताना तू वर्षानुवर्षं "५६ एपीओ" एवढ्याच पत्त्यावर पत्रं टाकलीस, तुला फौजेच्या टपालाचं काय नवल सांगायचं?

मागे तू आईला विचारलंस म्हणे, की नातजावई मराठी, फौज अमेरिकेची आणि घर कोरियात, तर पोरगी नक्की दिली कुणाला? ऐक. हे अमेरिकेच्या लष्करात चिनूक हेलिकॉप्टरांची दुरुस्ती करतात. त्यांची नेमणूक कॅम्प हम्फ्रीजला आहे, राजधानी सोलच्या दक्षिणेला साधारण पासष्ट किलोमीटरवर. अमेरिकेबाहेरचा त्यांचा सगळ्यात मोठा तळ हाच. सोलमधलं मुख्यालय २०१८ साली इकडं आलं. तळ साडेतीन हजार एकरांच्या आसपास असेल. आत शाळा, दवाखाना, पोहायचे तलाव, बर्गरची दुकानं, सगळं आहे. आत डॉलर चालतात, फाटकाबाहेर पाऊल टाकलं की वॉन. संध्याकाळी झेंडा उतरवताना बिगुल वाजतो, तेव्हा आतल्या गाड्या जागच्या जागी थांबतात आणि माणसं उतरून उभी राहतात. त्याच वेळी तारेच्या कुंपणापलीकडं एखादी म्हातारी खाली वाकून कोबीला पाणी घालत असते. तिला बिगुलाशी काही घेणं नसतं.

आम्ही फाटकाबाहेर राहतो. चार मजली लहान इमारत, असल्या इमारतीला इथं "बिल्ला" म्हणतात. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. थंडीत फरशी कोमट होते, मग गादी टाकून खालीच झोपायचं. चपला दाराशी काढायच्या. या दोन गोष्टींनी मला पहिल्याच आठवड्यात हायसं वाटलं.

पण कचऱ्यानं रडवलं. ओला कचरा वेगळा, हे पुण्यात राहिल्यामुळं मला येत होतं. इथं ओल्यातही पोटभेद आहेत. जे जनावर खाऊ शकेल तेच ओल्यात. अंड्याची टरफलं, कांद्याची सालं, हाडं हे ओलं नव्हे. बाकीचा कचरा शहराच्या नावाच्या विकतच्या पिशवीतच भरायचा, शेजारच्या शहराची पिशवी इथं चालत नाही. मी आल्या आल्या नारळाची करवंटी ओल्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी दार वाजलं. तळमजल्यावरची हाल्मोनी, म्हणजे आजी, हातात माझी करवंटी घेऊन उभी. कंबरेत काटकोनात वाकलेली, डोक्यावर मोठ्या झापेची टोपी, फुलाफुलांची सैल विजार. काहीतरी लांबलचक बोलली. मला एक शब्द कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. तू शेजारच्या काकूंच्या कोंबड्या अंगणात आल्यावर लावतेस तो.

मग तिनं मला खाली नेलं आणि डब्यांपुढं उभी करून एकेक वस्तू हातात धरून शिकवलं. त्या दिवसापासून मी तिच्याकरता "सामबेगी-हो", म्हणजे तीनशे दोन नंबर. नावानं हाक मारत नाहीत इथं. आधी तिला मी नेपाळची कामगार वाटले होते, इथल्या कारखान्यांत नेपाळी माणसं बरीच आहेत. अमेरिकन फौजीची बायको म्हटल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहिला प्रश्न केला, वय किती? दुसरा, मूल? तुझेही हेच दोन असतात. दोघींना एकच उत्तर, होईल तेव्हा कळवेन.

जिन्यात भेटली की "पाप मोगोस्सो?" विचारते. म्हणजे जेवलीस का. हो म्हटलं तरी हातात काहीतरी कोंबतेच. बापाला इथं आप्पा म्हणतात, खरंच. सप्टेंबरात रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या टाकून लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात, आणि म्हाताऱ्या त्यांवर उलटपालट करत बसतात. पहिल्यांदा तो खकाणा नाकात गेला तेव्हा मी भर रस्त्यात शिंकत शिंकत रडले, हे आईला वाचून दाखवू नकोस, दादा. मागच्या नोव्हेंबरात हाल्मोनीनं किमचीसाठी, म्हणजे इथल्या कोबीच्या तिखट लोणच्यासाठी, साठ कोबी खारवले आणि मला कामाला बसवलं. मसाल्यात ती बारकी खारवलेली कोळंबी घालते. वास आला आणि मी म्हटलं, अगं बाई, हा तर जवळा! सोसायटीत जवळा भाजला की पुण्यातले शेजारी खिडक्या लावतात. इथं त्याशिवाय किमची होत नाही.

ह्यांच्या तुकडीत काटुसा म्हणून काही कोरियन पोरं असतात. इथं धडधाकट पोराला लष्करात जावंच लागतं, भूदलात अठरा महिने. इंग्रजीची परीक्षा पास झालेल्यांची सोडत निघते, ज्याचं नाव लागलं तो अमेरिकनांबरोबर काटुसा. त्यातला एक, वीस-एकवीस वर्षांचा, आमच्याकडं वरण-भात खाऊन गेला. त्याला मी सांगितलं, की आमच्या अपशिंग्यात पहाटे चारला पोरं रस्त्यानं पळतात, भरतीत नाव लागावं म्हणून. त्याचा घास हातातच राहिला. "स्वतःहून?" एवढंच विचारलं त्यानं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरावर सुटकेचे दिवस मोजतोय.

काळजी करू नकोस म्हणून काही गोष्टी लपवणार होते, पण तुझ्यापासून काय लपायचंय. उत्तर कोरियाची सीमा इथून साधारण साताऱ्याहून पुणं आहे तेवढी लांब. लढाईची वेळ आली तर बायकापोरांना देशाबाहेर कसं काढायचं याची आमची तालीम होते. त्यासाठी कागदपत्रांची पिशवी दाराशी तयार ठेवायची. माझ्या पिशवीत पासपोर्टाखाली तू दिलेला अंगारा आहे. पण सध्या भीती सीमेची नाही, पगाराची आहे. अमेरिकेत अंदाजपत्रकावरून भांडण होऊन १ तारखेपासून सरकारी कामकाज ठप्प आहे, १५ तारखेचा पगार होईल की नाही कुणाला सांगता येत नाही. फौजी मात्र रोज कामावर. जगातली सगळ्यात बलाढ्य फौज म्हणे, आणि बायका दुकानात हिशोब करून अंडी घेतायत. आजोबांची मनीऑर्डर उशिरा यायची तेव्हा तू काय करायचीस, ते आता विचारावंसं वाटतं.

आणखी एक, दादासाठी. आपली माणसं इथं आधीच येऊन गेलीत. १९५३ साली लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांचा सांभाळ करायला भारतीय फौज आली होती. तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरचे, जनरल थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारनं आपल्या जवानांना स्वतःच्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना बोटीवरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट दोन्ही कोरियांच्या मधल्या पट्ट्यात नेलं. त्या छावणीचं नाव हिंदनगर होतं. हे ऐकल्यापासून ह्यांनी हेलिकॉप्टरांबद्दल भलताच भाव खायला सुरुवात केलीय.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते.

त्यांच्या पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना असतो. आपला येतोय पुढच्या वर्षी, त्यांचा यंदाच झाला, २५ जुलैपासून. आपण अधिकात जावयाला अनारसे वाढतो. इथं म्हणे त्या महिन्यात देव-भुतांचं माणसांवर लक्ष नसतं, म्हणून एरवी हात लावायला भीती वाटते ती कामं तेव्हा उरकतात. कबर हलवणं, स्वतःचं कफन शिवून ठेवणं. हाल्मोनीनं यंदा शिवून घेतलं. भांगेच्या धाग्याचं खरखरीत पिवळसर कापड. मला बोलावून दाखवलं, जसं लग्नाचं शालू दाखवावं तसं. तुझ्या ट्रंकेतलं हिरवं लुगडं डोळ्यासमोर आलं, ज्याला आम्ही कुणी हात लावायचा नसतो.

त्या अधिक महिन्यामुळं त्यांचा छुसॉकचा सण पुढं गेला आणि परवा सहा तारखेला आपल्या कोजागरीच्याच दिवशी आला. छुसॉक म्हणजे नवं धान्य आणि पितर, दोन्ही एकाच दिवशी. सकाळी पूर्वजांपुढं ताट मांडतात. तांदळाच्या पिठाची गरम पाण्यात उकड मळून करंजीसारखे सोंगप्योन करतात, आत तीळ आणि साखर, आणि पाइनच्या पानांवर वाफवतात. जिचे सोंगप्योन सुबक, तिला मुलगी सुंदर होते म्हणे. माझे हाल्मोनीनं निमूटपणे ताटाच्या मागच्या बाजूला लावले.

रात्री ह्यांना ड्युटी होती. मी दूध आटवलं, केशर-वेलदोडा घातला आणि गच्चीवर गेले. हाल्मोनी जिना चढून आधीच आली होती. मुलगा सकाळचं आटोपून गेला होता. ढग होते, चंद्र मधेच दिसायचा. तिनं दोन घोट घेतले आणि विचारलं, "आतलं?" म्हणजे दूध कॅम्पातल्या दुकानातलं का. मी हो म्हटलं. तिनं पेला खाली ठेवला आणि कुंपणाच्या दिव्यांच्या रांगेकडं बोट केलं.

पुढचं सगळं मी फोनवरच्या भाषांतरातून ऐकलं. ती देचुरी गावची. पहिलं देचुरी १९५२ मध्ये धावपट्टीखाली गेलं. गावानं भरतीच्या खाजणाला बांध घालून नवी जमीन केली. खार निघून भात नीट यायला किती वर्षं गेली ते ती बोटांवर मोजत होती. मग तळ वाढवायचा ठरलं. गावकरी सलग ९३५ रात्री मेणबत्त्या लावून बसले. २००६ मध्ये पोलीस आणि सैनिक आणून गावची शाळा पाडली, दुसऱ्या वर्षी गाव उठलं. तिची सख्खी जाऊ आधीच पैसे घेऊन निघून गेली होती, ती अजून हिच्याशी बोलत नाही. आणि ही सगळी खाचरं आता ह्यांच्या कॅम्पाच्या आत आहेत, आजी. मी तिथं ओळखपत्र दाखवून जाते. ती जाऊ शकत नाही.

काय बोलावं सुचेना. मी फोनमध्ये सांगितलं, माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या धरणात गेलं. तिचे भाऊ सोलापूरकडं जमिनी मिळून गेले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसायचा, म्हणून आजोबांच्या मागं लागून ती एकदा बघायला गेली होती. भाषांतरानं धरणाचं काय केलं कोण जाणे, पण तिला कळलं. तिनं पेला उचलून उरलेलं दूध संपवलं. दूध तिला पचत नाही, हे तिनं मला काल सांगितलं.

मग तिनं तिच्या खाचरांची नावं सांगितली. एकेकाचं वेगळं नाव होतं, मला म्हणायलाही जमली नाहीत. आणि विचारलं, तुझ्या आजीच्या शेताचं नाव काय?

मला माहीत नव्हतं. तू देऊळ सांगितलंस, आंब्याचं झाड सांगितलंस, नदीवरची वाट सांगितलीस, शेताचं नाव कधी सांगितलं नाहीस. किंवा सांगितलं असशील आणि मी ऐकलं नसेन. दादाला बसवून सांग. जेवढी आठवतील तेवढी, आणि कुठल्या शेतात काय पिकायचं तेही. फोनवर नको, त्यानं कागदावर लिहून पाठवायचं. नोव्हेंबरात कोबी खारवायला बसू तेव्हा मला ती तिला वाचून दाखवायची आहेत.

आई-बाबांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
ठकी