नेमकं त्याच रविवारी

न्युरेंबर्ग,
बुधवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण आई पहिल्या दोन ओळी वाचते आणि बाकीचं पत्र बाबांच्या हातात देते. ताप नाही, खोकला नाही, वजन उतरलेलं नाही. थंडी पडलीय, पण घरात हीटर असतो आणि मावशीचा स्वेटर आहेच.

आता रविवारचं, कोल्हापूरच्या स्थळाबरोबरचा व्हिडिओ कॉल राहून गेला त्याचं. बाबा फोनवर म्हणाले, "स्क्रीन नेमकी त्याच दिवशी बरी बंद पडली!" मी गप्प बसले, कारण मागून काकूंचा आवाज येत होता आणि त्यांच्यादेखत खुलासे देत बसायची माझी तयारी नव्हती. म्हणून सगळं लिहून कळवते. बाबा, तुमची सगळी नोकरी बोर्डात गेली (महावितरण होऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्या तोंडी बोर्डच!). फॉल्ट खरा होता की नाही, ते तुम्हीच ठरवा.

कोल्हापूरची मंडळी पाच वाजता बसणार, म्हणजे आमच्याकडे दुपारी साडेबाराला. समोर पाच-सहा माणसं असणार, तर मुलगा कोण आणि मामा कोण हे तरी दिसावं म्हणून मी शनिवारी मुद्दाम मोठा मॉनिटर घेऊन आले. सेकंडहँड, पण चांगला. जुना छोटा खालच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याला देऊन टाकला, केबलसकट. मला टाळायचंच असतं तर एवढं ओझं ट्राममधून कशाला आणलं असतं?

रात्री नवा मॉनिटर संगणकाला जोडला, बटण दाबलं. पंखे फिरतात, कीबोर्डचे दिवे लागतात, पण मॉनिटर 'सिग्नल नाही' म्हणतो आणि बंद होतो. विंडोज सुरू होऊन मग काळं झालं असतं तर ड्रायव्हरवर संशय घेतला असता, सेफ मोडमध्ये जाऊन बघितलं असतं. इथं सुरुवातीचा लोगोसुद्धा उमटत नव्हता. म्हणजे दोष विंडोजच्या अलीकडचा.

मग तुम्ही शिकवलंत तसं सोप्याकडून अवघडाकडे गेले. मॉनिटरच्या मेनूत इनपुट बरोबर निवडलंय का, बघितलं. केबल ग्राफिक्स कार्डाच्या (स्क्रीनवरचं चित्र तेच तयार करतं) सॉकेटातच आहे ना, तेही बघितलं. पुष्कळ लोक ती मदरबोर्डाच्या सॉकेटात खुपसतात आणि कार्ड बिघडलं म्हणून रडतात. प्लग काढला, कॅबिनेट उघडलं, आधी पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. मदरबोर्डावरचा गोल सेल (सीआर २०३२, ३ व्होल्टचा) काढून थोडा वेळ ठेवला, म्हणजे बायॉसचं, विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामचं, सेटिंग मूळपदावर येतं. सगळं करून पुन्हा सुरू केलं, तर मदरबोर्डावर 'व्हीजीए' लिहिलंय तिथला बारका दिवा लागून राहिला. त्याचा अर्थ, सुरू होताना संगणक स्वतःची जी चाचणी घेतो ती ग्राफिक्स कार्डापाशी अडकली. कार्ड गेलं असेल तर मोठा खर्च, या विचारानं झोप नाही आली. दुसरी केबल लावून बघणं तेवढं उरलं होतं.

आई, तू विचारलंस, एक साधी केबल रविवारी आणता येऊ नये? नाही येत गं. बव्हेरियात, म्हणजे आमच्या या राज्यात, शनिवारी रात्री आठला दुकानं बंद होतात ती थेट सोमवारी उघडतात. आणि हे काही दुकानदारांनी आपसात ठरवलेलं नाही, जर्मनीच्या राज्यघटनेत आहे! १९१९ च्या घटनेत एक कलम होतं की रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्यानं जपला जाईल. १९४९ ला नवी घटना केली तेव्हा ते कलम त्यांनी जसंच्या तसं उचललं. त्यामुळे रविवारी भिंतीत ड्रिल मारायचं नाही. रिकाम्या बाटल्या टाकायला रस्त्यावर पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या काचेच्या वेगवेगळ्या टाक्या असतात, त्यातही त्या दिवशी बाटली टाकायची नाही. का, तर खळ्ळकन आवाज होतो. पेट्रोलपंप चालू असतो, एखादी बेकरी काही तास उघडते, औषधाची दुकानं पाळीपाळीनं. बाकी सगळं गाव चांगले कपडे घालून नुसतं चालत असतं. कुठं जातात, तर कुठंच नाही, परत घरी. स्टेशनमधल्या दुकानांना सूट आहे म्हणून मी तिथंही जाऊन आले. पाव, फुलं, फोनचे चार्जर, सगळं होतं. मला हवी ती केबल नव्हती. खालचा विद्यार्थी सुट्टीला गावी गेलेला.

फोनवरून तरी बोलायचं, असं काकू म्हणाल्या. बोलता आलं असतं. पण त्या वेळी मी फरशीवर स्क्रू पसरून बसले होते, केसांत धूळ. पहिल्यांदा बघणाऱ्या माणसांपुढे तशी आले असते तर काकूच काय काय बोलल्या असत्या. मेसेज मी वेळेआधी केला होता, हेही त्यांना सांगा.

बाबा, खरी गंमत आता. संध्याकाळी वैतागून संगणकाचा प्लग काढला (मॉनिटरचा वेगळा, तो तसाच होता) आणि निघाले, तर अंधारात कॅबिनेटमध्ये एक दिवा मिणमिणतोय. भिंतीतला सप्लाय तोडलेला, तरी दिवा! आधी वाटलं, आत साठलेला करंट असेल, मिनिटाभरात जाईल. गेला नाही. मॉनिटरची केबल उपसली आणि फट्‌कन विझला.

तुम्ही सांगायचा ना, परमिट घेऊन, लाइन बंद करून माणूस खांबावर चढतो आणि कुणाच्या तरी घरच्या जनरेटरमधून रिटर्न करंट येतो. तोच प्रकार. या डिस्प्लेपोर्ट केबलला २० पिना असतात. विसाव्या पिनेवर ३.३ व्होल्ट असतात, पण ते सॉकेटापुरते. केबलमध्ये ती तार दोन टोकांना जोडायची नाही असा नियम आहे. स्वस्तातल्या काही केबली बनवणारे सरळ सगळ्या पिना जोडून मोकळे होतात. मग मॉनिटरचा करंट उलटा ग्राफिक्स कार्डात शिरतो आणि संगणक सुरू होतानाच गोंधळतो. विकणाऱ्यानं मॉनिटरबरोबर फुकट दिलेली केबल तसलीच होती. सोमवारी ऑफिसातून येताना प्रमाणित केबल घेतली, बारा युरो. (आई, शंभरानं गुणू नकोस.) लावली आणि पहिल्या झटक्यात लोगो आला. कार्ड शाबूत आहे. जुनी केबल ठेवलीय, येताना आणीन. तुम्ही मल्टिमीटर लावून खात्री करा.

येताना म्हणजे आता उन्हाळ्यात. डिसेंबरची तिकिटं बघितली होती, फार चढलीत, शिवाय रजा संपलीय. आजीच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नसणार हे मला कळतंय. त्याचे पैसे काल पाठवलेत, थोडे जास्तच आहेत. त्यातून गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकून घ्या, पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नका. संकेतच्या फीचं मी बघते, त्याला तसं सांगू नका, नाहीतर क्लास बुडवेल. आणि पैसे पोचले की बाबा 'मिळाले' एवढं तरी लिहा, नुसता अंगठा पाठवू नका.

कोल्हापूरकरांना पुढचा रविवार चालेल का विचारा. मी बसेन, नक्की बसेन. फक्त बायोडेटात 'दोन वर्षांत भारतात परत' असं जे घातलंय ते कुणी घातलं? मी म्हटलेलं नाही. खोडा असं म्हणत नाही, पण त्यांनी विचारलं तर मी काय बोलू ते आधी आपलं आपलं ठरायला हवं. शनिवारी फोन करते, तेव्हा काकू नसतील असं बघा.

आजीला नमस्कार, संकेतला आशीर्वाद.

तुमची,
मनू

ता. क. ते पत्रिका बघत असतील तर माझी जन्मवेळ पहाटे ५.४० आहे, ५.१० नाही. काकूंच्या वहीत चुकीची आहे.