नुसते शिजवून पारा जात नाही

महोदय,

माशांतील पाऱ्याचा विषय निघाला की काही जण मासे खाणेच सोडतात, तर काही जण ‘नीट शिजवले की झाले’ म्हणून निर्धास्त राहतात, दोन्ही चूकच. पाण्यातील जिवाणू पाऱ्याचे रूपांतर मिथिल पाऱ्यात (पाऱ्याचे एक विषारी संयुग) करतात आणि तो माशाच्या मांसातील प्रथिनांना घट्ट चिकटून बसतो, त्यामुळे कातडी वा चरबी काढून, तळून किंवा उकळून तो निघत नाही. लहान मासा मोठ्याच्या पोटात जाता जाता त्याचे प्रमाण वाढत जाते. म्हणून शार्क, तलवार मासा यांसारखे दीर्घायुषी शिकारी मासे गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांनी टाळावेत. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदल्या गेलेल्या विषबाधेत, स्वतः फारशी लक्षणे नसलेल्या मातांच्या पोटीही मेंदूला इजा झालेली बालके जन्मली होती.

तारली, कोळंबी, सामन यांत मात्र पारा कमी आणि पोषण भरपूर. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन तर गर्भवतींना असे कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम खाण्याचाच सल्ला देते. ट्यूनाच्या बाबतीत जातीनुसार पाऱ्याचे प्रमाण बरेच बदलते. तेव्हा डब्यावर नुसते ‘ट्यूना’ न छापता जातही ठळकपणे छापणे बंधनकारक असावे.

— एक वाचक