कॅमेरे खरेदीत खुल्या मानकाची अट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावप्रमाणेच खानापूर, निपाणी आणि संकेश्वर येथेही पतसंस्था, शाळा, सराफी पेढ्या व कारखान्यांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवले जात आहेत. कर्नाटकच्या २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षाविषयक कायद्यामुळे मोठी वर्दळ असलेल्या आस्थापनांवर तसे बंधनही आहे आणि चित्रीकरण ३० दिवस जपून ठेवावे लागते. खरेदी करताना मात्र किंमत आणि चित्राची स्पष्टता एवढेच पाहिले जाते. एका कंपनीचा कॅमेरा उद्या दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता येईल का, हे क्वचितच कोणी विचारतो.

आमच्या पतसंस्थेत रेकॉर्डर बिघडला, तेव्हा तो प्रकार आता मिळत नाही, असे पुरवठादाराने सांगितले. दुसरा कोणताही रेकॉर्डर जुन्या कॅमेऱ्यांशी जुळेना, त्यामुळे धडधाकट कॅमेरेही काढून टाकावे लागले. हा खर्च अखेर लहान ठेवीदारांच्या पैशातूनच झाला, याचे मला फार वाईट वाटते.

ही अडचण उद्योगाने फार पूर्वी ओळखली होती. ॲक्सिस, बॉश आणि सोनी या परस्परांच्या स्पर्धक कंपन्यांनी २००८ मध्ये एकत्र येऊन ‘ऑनव्हिफ’ ही संस्था स्थापन केली आणि नेटवर्कवरील कॅमेरे, रेकॉर्डर व सॉफ्टवेअर यांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे सर्वांना खुले असलेले मानक तयार केले. थेट चित्रासाठी ‘प्रोफाइल एस’ व त्यानंतरचे ‘प्रोफाइल टी’, साठवणुकीसाठी ‘प्रोफाइल जी’ अशी त्याची विभागणी आहे. दरवाजा उघडणाऱ्या कार्ड-यंत्रणेसाठीही असेच मानक आहे. तिची जुनी विगँड पद्धत कार्डाचा क्रमांक तारेतून उघडाच पाठवते. तिला पर्याय असलेल्या ओएसडीपी या मानकात कूटबद्ध संदेशवहनाची सोय आहे आणि २०२० मध्ये त्याला आयईसी या विद्युत उपकरणांची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचीही मान्यता मिळाली.

आता या धंद्याचे गणितच बदलले आहे. कॅमेरे स्वस्त झाले, विक्रीतला नफा घटला आणि कंपन्यांची कमाई वार्षिक लायसन्स, क्लाउडवरील साठवण आणि चित्रांचे विश्लेषण यांकडे वळली. या बदलाला माझा विरोध नाही. खडेबाजारातील लहान दुकानदाराला एकरकमी खर्चापेक्षा मासिक शुल्क सोयीचे पडू शकते आणि शुल्क चालू असल्याने दुरुस्ती व अद्ययावतीकरणही होत राहते. परंतु मानक बंदिस्त असेल, तर शुल्क थांबताच स्वतःच्या पैशाने घेतलेला कॅमेराही निरुपयोगी ठरण्याची भीती असते. मानक खुले असेल, तर कंपनीला चांगल्या सेवेच्या बळावरच ग्राहक टिकवावा लागतो, आणि आपल्या भागातील आयटीआय शिकलेल्या तरुण तंत्रज्ञांनाही कोणत्याही कंपनीच्या यंत्रणेवर काम करता येते.

अर्थात, ऑनव्हिफ म्हणजे दर्जाची किंवा सायबर सुरक्षेची हमी नव्हे. त्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीच्या सुरक्षा चाचण्या बंधनकारक केल्या आहेत, त्याची खात्री वेगळी करावी लागते. चेहरा ओळखण्यासारख्या सुविधाही पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येच चालतात. खोक्यावर छापलेल्या ‘ऑनव्हिफ’ या शब्दावर विसंबूही नये. ऑनव्हिफच्या संकेतस्थळावरील अधिकृत यादीत नेमके मॉडेल शोधावे.

बेळगाव २०१६ मध्येच स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आले, त्यामुळे महानगरपालिकेने याबाबत पुढाकार घेणे उचित ठरेल. पालिकेने आपल्या निविदांत आणि सहकार खात्याने पतसंस्थांसाठीच्या नमुना करारात तीन अटी घालाव्यात: उपकरणे खुल्या मानकाची असावीत, मुख्य पासवर्ड पुरवठादाराने संस्थेच्या स्वाधीन करावा आणि करार संपताच सर्व चित्रीकरण सामान्य संगणकावर पाहता येईल अशा स्वरूपात परत मिळावे. सीमाभागातील संचालकांना सह्या करण्यापूर्वी हा करार नीट समजावा, म्हणून तो कन्नडबरोबर मराठीतही उपलब्ध व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एका पतसंस्थेचा संचालक, शहापूर, बेळगाव