कडू मार्मालेडवाल्या काकूचं पत्र

प्रिय बाबू,

लग्नाच्या गडबडीत तुझे आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत.

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची, चुरी (बारकी संत्री) व्यापाऱ्यानं उचलली नाही, तेव्हा आम्ही बचत गटाच्या बायांनी तिचं मार्मालेड (सालीसकट संत्र्याचा जॅम) केलं. 42 बाटल्या! घाईत बियांसकट संत्री चिरली, अन् ते इतकं कडू झालं की घरची लेकरंही पोळीला लावेनात. बाटल्या पलंगाखाली गेल्या. तू त्यातली एक उघडलीस, बोट चाटलंस अन् म्हणालास, "काकू, हे काहून लपवलं जी? आमच्या बारमध्ये कडवटपणा बाटलीतून विकत आणावा लागते!"

बियांमधल्या लिमोनिनमुळे कडवटपणा येतो, हे तूच सांगितलंस. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या 1930 सालच्या पुस्तकात मार्मालेड, लिंबाचा रस आणि जिन यांचं एक कॉकटेल आहे, हेही तुझ्याकडूनच कळलं. पण आपला वर्धा जिल्हा पडला दारूबंदीचा (कागदावर तरी आहेच बाप्पा!). मग लग्नाच्या मांडवात तू जिनच्या जागी थंड केलेला कडक कोरा चहा घेतलास.

तुझी रीत आता मला पाठ आहे. एका गिलासाला दोन चमचे मार्मालेड आधी लिंबाच्या रसात घोटायचं, कारण बर्फ पडला की त्याचा गोळा सुटत नाही. मग अर्धा कप चहा आणि बर्फ घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हाताला गारठा लागेपर्यंत हलवायचं. चहाच्या गाळणीतून गाळायचं. सोडा सगळ्यात शेवटी, वरून. हे "शेवटी" मी नीट ऐकलं नाही. तू पाहुण्यांकडे गेलास अन् मी सोडा डब्यातच ओतून हलवला. झाकण मांडवाच्या बल्लीला लागलं, अन् अर्धं पेय नवरदेवाच्या मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर! तू धावत येऊन त्यांनाच पहिला गिलास दिलास. त्यांनी दुसरा मागितला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्या दुपारी 30 बाटल्या संपल्या. उन्हानं जीव जात होता अन् लोक मठ्ठा सोडून आपल्याकडे येत होते. नंतर दोघींनी घरच्यासाठी बाटल्या विकत नेल्या. तेच मार्मालेड, बरं का, ज्याला गटाच्या बैठकीत सगळ्यांनी नाकं मुरडली होती.

तुझ्यासाठी एक बाटली बाजूला ठेवली आहे. पुढच्या मृगाची संत्री फेब्रुवारीत निघतील, तेव्हा सुट्टी काढून ये. डबा तोच आहे, झाकण मात्र वाकडं झालंय.

तुझी,
शेजारची काकू