स्कीम लावण्याआधी आपलीच बिलं वाचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या दुकानदारांच्या बैठकीला बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणारे एक गृहस्थ आले होते. त्यांनी अमेरिकेतल्या एका दुकानाची गोष्ट सांगितली. संध्याकाळी बाळाचे डायपर न्यायला आलेले वडील सोबत बिअरही नेतात, हे बिलांवरून कळलं, दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या आणि विक्री वाढली. तेव्हा तुम्हीही प्रत्येक गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घ्या आणि त्याला त्याची ऑफर पाठवा, असा त्यांचा आग्रह होता. बैठकीत मला बोलायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र.

त्या गोष्टीतलं खरं इतकंच आहे की 1992 च्या सुमारास ऑस्को ड्रग या तिथल्या औषधदुकानांच्या साखळीच्या 25 दुकानांतल्या सुमारे 12 लाख खरेद्या तपासल्या गेल्या आणि संध्याकाळी 5 ते 7 या वेळात ही जोडी दिसली. वस्तू शेजारी मांडल्याच नव्हत्या. विक्री वाढल्याचा भाग मागाहून जोडलेला आहे.

रामबागेत आमचं किराण्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. 2025 च्या गुढीपाडव्यापासून मी महिनाभर स्कीम लावली होती: एक किलो पोह्यांवर 100 ग्रॅम सेव मोफत. इंदुरात पोह्यांवर सेव नाही असं घर सापडायचं नाही, तेव्हा ही जोडी चुकणार कशी, असं मला वाटलं. पोहे भराभर गेले. पण जे एरवी पाव किलो सेव विकत नेत, ते मोफतच्या पुडीवर भागवू लागले. काहींनी दोन-दोन किलो पोहे भरून ठेवले आणि पुढचा महिनाभर पोह्यांना हात लावला नाही. हिशेब केला तेव्हा पदरचे पैसे गेले होते.

माझी पुतणी कॉम्प्युटर शिकते. जुलै-ऑगस्टमधली 800 बिलं आम्ही दोघींनी काढली. थर्मल कागदावरची अक्षरं तोवर उडत चालली होती, म्हणून मशीनमधली यादीच घेतली. पहिले दोन दिवस साफसफाईतच गेले. एकच पोहे ‘पोहा’, ‘जाडे पोहे’ आणि ‘पोहा खुल्ला’ अशा तीन नावांनी चढवलेले, आणि घाईच्या वेळी सगळं ‘इतर’मध्ये टाकलेलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या वाणसामानाच्या लांबलचक याद्या सुरुवातीलाच बाजूला काढल्या होत्या. चाळीस जिनसांच्या यादीत सगळ्याची सगळ्याशी जोडी लागते. मिठाबरोबर साबण गेला, यातून काय कळणार?

मग मोजणी. 240 बिलांत पोहे होते, त्यातल्या 150 मध्ये सेवही होती. मी म्हटलं, बघ, जोडी आहेच. पुतणी म्हणाली, “काकू, सेव तर सगळ्यांच्याच पिशवीत आहे.” खरंच, 800 पैकी 480 बिलांत सेव होती, म्हणजे दर शंभरात साठ. पोह्यांचा सेवेशी काही संबंध नसता तरी 240 पैकी 144 बिलांत ती आलीच असती. माझी सगळी स्कीम त्या वरच्या सहा बिलांवर उभी होती. याउलट जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, फक्त 64 बिलांत होतं, आणि त्यातल्या 48 मध्ये पोहे. पोहे दर शंभरात तीस बिलांत, तेव्हा नुसत्या योगायोगाने 19 यायला हवी होती. आता जिरावनाच्या पुड्या पोह्यांच्या डब्याला लागून लटकवल्या आहेत. सूट एका पैशाची नाही.

बिलांतून अशा जोड्या शोधायची रीत काही आमची नाही. रुरकीला शिकलेले राकेश अगरवाल आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1993 साली ती मांडली. पुढच्या वर्षी रामकृष्णन श्रीकांत यांच्यासोबत त्यांनी काम हलकं करणारी युक्ती दिली: जी वस्तू मुळातच कमी बिलांत आहे, तिची जोडी किंवा तिकडी जास्त बिलांत असूच शकत नाही, तेव्हा ती आधीच वगळा. आम्हीही तसंच केलं, नाहीतर वही पुरली नसती.

सगळ्यात जास्त शिकवलं ते साबुदाण्याने. मी सियागंजच्या घाऊक बाजारातून उपासाचा माल कायम आपल्या पंचांगाप्रमाणे मागवत आले. पण शेजारच्या हिंदी भाषक घरांचा सावन पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो, आपला श्रावण अमावास्येनंतर. 2025 मध्ये त्यांचा 11 जुलैला लागला, आपला 25 जुलैला. बिलांत साबुदाणा अकरा तारखेपासूनच चढलेला दिसतो, आणि नेमका त्याच पंधरवड्यात माझ्याकडचा माल दोनदा संपला होता. इतकी वर्षं ते गिऱ्हाईक परत जात होतं आणि मला पत्ता नव्हता, याची मला फार खंत वाटते. साबुदाण्याच्या 96 बिलांपैकी 72 मध्ये शेंगदाणे होते. शेंगदाणे एरवी चारातल्या एका बिलात असतात, म्हणजे इथे तिप्पट. म्हणून श्रावणाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत साबुदाण्यावर थोडी सूट दिली, शेंगदाण्याचा भाव हलवला नाही, आणि ते पूर्ण भावाने गेले. अर्थात हे सूट दिल्यामुळे झालं की श्रावणामुळे, ते एका मोसमावरून ठरत नाही. यंदा एक आठवडा सूट आणि एक आठवडा नाही, असं आलटूनपालटून बघणार आहे.

आता नंबरांबद्दल. वरच्या एकाही मोजणीत कोणाचं नाव लागलं नाही. एका मोठ्या दुकानात माझ्या सासूबाईंना नंबर दिल्याशिवाय बिल मिळेना. त्या बावरून सामान तिथेच ठेवून परत आल्या. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने विक्रेत्यांना बजावलं आहे की बिलासाठी मोबाइल नंबराची सक्ती करू नका. तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं का, हे नंबराशिवाय कळत नाही, हे मान्य. पण आपल्या गल्लीतल्या दुकानदाराला ते चेहऱ्यावरून कळतं. कोणाच्या घरी डायपर सुरू झाले, कोणाची साखर बंद झाली, हेही कळतं. ते आपल्यापाशीच राहिलं पाहिजे.

ज्या दुकानदार बंधुभगिनींना अशी मोजणी करून बघायची असेल, त्यांनी दुपारी 2 ते 4 मध्ये आमच्याकडे यावं, तेव्हा ग्राहकी नसते. एका महिन्याची बिलं आणा, उधारीची नावं मात्र खोडून आणा.

आपली नम्र,
एक किराणा दुकानदार, रामबाग, इंदूर