जनुकांचा अहवाल म्हणजे निदान नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला एडीएचडीवरचा, म्हणजे मुलांचं लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकारावरचा, लेख वाचला. लेखकानं मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण 'जनुकंच सांगणार मुलाचं लक्ष' असा मथळा देताना तो घराघरांत आणि शाळाशाळांत कसा वाचला जाईल, याचा विचार कुणीतरी करायला हवा होता. आमच्या घरानं अशा समजुतीची किंमत आधीच मोजली आहे.

गेल्या वर्षी मुलांच्या शाळेत पालकसभेच्या दिवशी एका खासगी लॅबनं टेबल मांडलं होतं. मुलाची लाळ द्या, एकाग्रता, स्मरणशक्ती, कल सगळं जनुकांतून सांगतो, म्हणाले. मुख्याध्यापकांनीच माइकवरून आवाहन केल्यावर नाही म्हणणं जड जातं. आम्ही दोन्ही मुलांची लाळ दिली. थोरल्याला एडीएचडी आहे. त्याचं निदान बालमनोविकारतज्ज्ञांनी केलं, तेही एका भेटीत नाही. आमच्याशी सविस्तर बोलून, शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेऊन, लक्षणं घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, ती लहानपणापासून आहेत का, हे पाहून. लॅबच्या अहवालात त्याची एडीएचडीची जोखीम 'सर्वसाधारण'! धाकटा तासन्‌तास चित्रं काढत बसतो, त्याच्याबद्दल कुठल्याही शिक्षकाची कधी तक्रार नाही. त्याच्या नावापुढे लाल अक्षरांत 'जास्त'.

अहवाल आम्हाला न विचारता शाळेकडेही गेला. शिष्यवृत्तीच्या जादा तासांच्या यादीतून धाकट्याचं नाव निघालं. विचारायला गेले, तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, "रिपोर्टच तसा आलाय ताई, उगाच ताण कशाला द्यायचा?" जी लक्षणं मुलात नाहीतच, त्यांच्यासाठी त्याला बाहेर बसवलं. आता तो मला विचारतो, "आई, मला ते कधी होणार?" याचं उत्तर काय द्यायचं, हे लेखकानं सांगावं.

लेखात ठळक अक्षरांत छापलेला ७४ टक्के आनुवंशिकतेचा आकडा जुळ्यांच्या अभ्यासांतून आलेला आहे, खोटा नाही. पण मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकीय फरकांचा, एवढंच तो सांगतो. एखाद्या मुलाला एडीएचडी होण्याची शक्यता ७४ टक्के, असा त्याचा अर्थ मुळीच नाही, आणि नेमकं हेच वाक्य लेखात नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या ३८ हजारांहून जास्त लोकांची जनुकीय माहिती तपासली, तेव्हा जनुकसंचातल्या २७ जागा हाती लागल्या. त्या प्रत्येकीचा परिणाम अगदी बारीक. असे हजारो बारीक परिणाम जमेला धरून जोखमीचा जो गुणांक काढतात, त्यातून २०१९ च्या अभ्यासात जेमतेम साडेपाच टक्के फरक उलगडत होता. शिवाय ही माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची. मिरजेतल्या मुलाला त्यावरून लाल शेरा कोणत्या आधारावर मारतात?

मेंदूच्या स्कॅनचंही तसंच. २०१७ साली तीन हजारांहून अधिक जणांच्या स्कॅनची तुलना झाली. एडीएचडी असलेल्यांच्या मेंदूचे काही भाग सरासरीनं किंचित लहान निघाले, पण फरक इतका थोडा की एकट्या मुलाचा स्कॅन पाहून निदान करता येत नाही. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की, या मुलांच्या मेंदूचं बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, परिपक्व व्हायला सरासरी तीनेक वर्षं जास्त लागतात, पण वाढीचा क्रम बहुतांशी इतर मुलांसारखाच असतो. थोरल्याचं निदान झालं तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं, तर कितीतरी रात्री मी शांत झोपले असते. पानभर लेखात त्याला दोन ओळी मिळू नयेत?

आणखी एक. त्याच पानावर, लेखाला खेटून, मुलांची एकाग्रता महिन्याभरात वाढवणाऱ्या चूर्णाची जाहिरात आहे. घाबरलेल्या आईबापांची नजर वरून थेट तिथेच जाणार. जाहिरातीशिवाय वृत्तपत्र चालत नाही हे कळतं, पण निदान त्या पानावर तरी नको होती.

कृपया पुढच्या रविवारी एखाद्या सरकारी रुग्णालयातल्या बालमनोविकारतज्ज्ञांकडून निदान खरोखर कसं होतं, हे लिहून घ्या आणि आकड्याचा खुलासा तितक्याच ठळक अक्षरांत छापा. आज सकाळी तुमच्या लेखाचं कात्रण शाळेच्या सूचनाफलकावर लागलं आहे. खुलासा आला, की त्याच्या शेजारी तोही लावायला मी स्वतः जाणार आहे.

आपली,
एक पालक, मिरज